एकसष्टवरून एकोणसाठ: एकात्मिक आराखडा आणि हुकलेले दोन गुण

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक पट्ट्यातली तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत. एका कारखान्याचे कार्यालय आणि प्रशिक्षण केंद्र, प्रत्येक मजला १,२०० चौ.मी., म्हणजे एकूण ३,६०० चौ.मी. आणि रोजची माणसे ३००. मानांकन लीडच्या, म्हणजे हरित इमारतींना गुण देणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या, चौथ्या आवृत्तीखाली, नव्या बांधकामाच्या वर्गात. इमारत नमुन्यादाखल कल्पिलेली आहे. नियम त्या त्या पद्धतीचे आहेत आणि गणित वाचकाला कागदावर पडताळता येईल.

टीमने धरलेली बेरीज ६१ होती. सुवर्ण मानांकन ६० ला लागते, म्हणजे हाताशी एकच गुण जादा. ऑगस्टमध्ये डिझाइन टप्प्याच्या परीक्षणातून दोन शेरे आले. एकात्मिक प्रक्रियेचा गुण सिद्ध होत नाही, हा पहिला. ‘एकात्मिक आराखडा पद्धती’ या नावाने मागितलेला इनोव्हेशनचा, म्हणजे नवकल्पनेचा, गुण देता येत नाही, हा दुसरा. बेरीज ५९ झाली आणि सुवर्णाचे रौप्य झाले. तेव्हा खोदकाम संपत आले होते, पहिला स्लॅब नोव्हेंबरमध्ये पडायचा होता.

दुसरा शेरा सोपा आहे, तो आधी घेऊ. लीडच्या २००९ च्या आवृत्तीत सर्वसाधारण नव्या बांधकामासाठी एकात्मिक प्रक्रियेला स्वतंत्र गुण नव्हता. सगळ्या सल्लागारांना सुरुवातीलाच एका टेबलावर बसवले की काही जण ते इनोव्हेशनखाली मांडत. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने त्याला स्वतःचा १ गुण दिला आणि इनोव्हेशनची ती वाट बंद झाली. इनोव्हेशनचा मूळ नियमच असा, की पद्धतीत आधीपासून असलेली गोष्ट तिथे चालत नाही. आयजीबीसी या भारतीय हरित इमारत परिषदेच्या ग्रीन न्यू बिल्डिंग्ज पद्धतीतही एकात्मिक आराखड्याला पहिल्याच प्रकरणात १ गुण आहे, त्यामुळे तिथेही तेच. तरी जुन्या फाइलचा नमुना उचलून नाव बदलून पाठवायची सवय सुटत नाही. या टीमने नऊ बैठकांची इतिवृत्ते, हजेरीपत्रके आणि चहाच्या टेबलाभोवतीचे फोटो जोडले होते. फोटो चांगले होते.

पहिला शेरा जास्त बोचरा, कारण या टीमने काम खरोखर एकत्र बसून केले होते. चुकले ते वेगळ्याच ठिकाणी.

गुण कशाला मिळतो

चौथ्या आवृत्तीतला एकात्मिक प्रक्रियेचा गुण दोन अभ्यास मागतो, आणि दोन्ही प्राथमिक आराखडा पक्का होण्याआधी झालेले हवेत.

एक ऊर्जेचा. इमारत साध्या खोक्यासारखी धरून तिचे ढोबळ ऊर्जा-मॉडेल करायचे. खिडक्या जागच्या जागी नसल्या तरी चालतात, खांब तर नकोतच. या खोक्यावर सात बाबी तपासायच्या: जागेची स्थिती, आकार आणि दिशा, भिंती-छत-काचेचे गुणधर्म, प्रकाशाची पातळी, आरामदायी तापमानाची मर्यादा, प्लगवरची आणि यंत्रांची वीज, आणि वापराचे वेळापत्रक. प्रत्येक बाबीत किमान दोन पर्याय.

दुसरा पाण्याचा. घरातले पाणी, बागेचे पाणी, कूलिंग टॉवर किंवा स्वयंपाकघरासारख्या कामांचे पाणी यांचा अंदाजपत्रकासारखा ताळेबंद, आणि पिण्यायोग्य नसलेल्या निदान एका स्रोताची तपासणी.

खरा दात त्यानंतर लागतो. या अभ्यासांमुळे ओपीआर आणि बीओडी, म्हणजे मालकाच्या अपेक्षांचा दस्तऐवज आणि आराखड्याच्या आधाराचा दस्तऐवज, कसे बदलले ते दाखवायचे असते. बैठका किती झाल्या, कोण हजर होते, याला गुण नाही. आकडा आधी काय होता, नंतर काय झाला आणि मधल्या कोणत्या हिशोबाने झाला, याला गुण आहे.

शेंद्र्यातल्या भूखंडाचा रस्ता पश्चिमेला. मालकाची पहिली इच्छा ठरलेली: रस्त्यावरून दिसेल असा काचेचा दर्शनी भाग. पहिल्या रेखाटनात ४८ मीटर लांबीची बाजू पश्चिमेकडे होती, तीन मजल्यांच्या ५१८ चौ.मी. दर्शनी भिंतीत २०० चौ.मी. काच. आर्किटेक्टने पहिल्याच आठवड्यात इमारत फिरवली. २५ मीटरची आखूड बाजू रस्त्याकडे, लांब बाजू दक्षिणेला आणि उत्तरेला, पश्चिमेची काच ६० चौ.मी. आणि तिला उभ्या पट्ट्यांची आड. निर्णय उत्तम आणि वेळेवर. पण तो अनुभवाच्या जोरावर झाला, मॉडेल कोणी केले नाही. चार महिन्यांनी कागदपत्रे गोळा करताना ऊर्जा-सल्लागाराने ‘प्राथमिक मॉडेल’ बनवले ते अंतिम नकाशावरून. त्यात खिडक्या शेवटच्या मापाच्या, मजल्याची उंची ३.६ मीटर, जिनासुद्धा जागेवर. तुलनेला दुसरा पर्याय नाही. निकाल आधी लागून खटला मागाहून चालवला, हे परीक्षकाला पहिल्या पानावर दिसते.

जे गणित तेव्हा करायला हवे होते ते एका पाठपोट कागदावर बसते. मे महिन्यात दुपारी चार-पाचच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर ऊन ६५० वॅट प्रति चौ.मी. धरू. साध्या काचेचा एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो गुणांक, ०.५ घेतला तर २०० × ०.५ × ६५० = ६५ किलोवॅट. एसीच्या क्षमतेचा एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, तेव्हा १८.५ टन. फिरवल्यावर ६० चौ.मी. काच, चांगल्या काचेचा आणि पट्ट्यांचा मिळून गुणांक ०.२५: ६० × ०.२५ × ६५० = ९.७५ किलोवॅट, म्हणजे २.८ टन. फरक १५.७ टन.

छताचेही तसेच. वातानुकूलित भागावरचे छत ६५० चौ.मी. उघड्या स्लॅबचा यू, म्हणजे उष्णता आरपार जाण्याचा दर, ३.३, वर ५० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचा थर) टाकल्यावर ०.५, तापमानातला परिणामी फरक २५ अंश: ६५० × २.८ × २५ = ४५.५ किलोवॅट, जवळपास १३ टन. दिव्यांची घनता १०.८ वरून ६ वॅट प्रति चौ.मी. आणली तर १,९५० चौ.मी. वातानुकूलित क्षेत्रावर आणखी २.७ टन. तिन्हींची बेरीज ३१.४. सगळे शिखर एकाच तासाला येत नाही, म्हणून मॉडेलमध्ये घट २६ टन दिसली असती. ११८ टनांवरून ९२.

आता या प्रकरणातली मुख्य चूक. बीओडीत एसीची क्षमता १२० टन लिहिलेली होती. निविदाही १२० टनांची. एचव्हीएसी, म्हणजे वातानुकूलनाच्या, सल्लागाराने चौरस फुटाच्या अंगठेनियमाने सुरुवातीला काढलेला आकडा होता तो. इमारत फिरली, काच घटली, छत झाकले, दिवे बदलले, पण १२० जागचा हलला नाही. विचारले तर उत्तर एकच: “मराठवाड्यातला उन्हाळा आहे, थोडं मार्जिन असू द्या.” हे थोडे मार्जिन २८ टनांचे. ढोबळमानाने टनाला एक किलोवॅट धरला तर २८ किलोवॅट जोडभार, त्यामागे ट्रान्सफॉर्मर, केबल आणि डिझेल जनित्र. मालकाने काचेवर आणि एक्सपीएसवर जादा पैसे घातले आणि एसीवरचे वाचवले नाहीत. मानांकन बाजूला ठेवले तरी हा सरळ तोटा आहे.

परीक्षकाने नेमके यावर बोट ठेवले: मॉडेल ९२ म्हणते, बीओडी १२०, मग अभ्यासाने बीओडीला काय दिले? उत्तर नव्हते. गुण गेला, आणि जायलाच हवा होता.

निर्णयाची एक नोंद कशी हवी होती, ते एका ओळीत:

पश्चिम काच २०० → ६० चौ.मी., आधार खोका-मॉडेल पर्याय अ आणि ब, परिणाम १५.७ टन, मॉडेलमधला भार ११८ → १०२, बीओडी परिच्छेदात एसी क्षमता १२० → १०२ (अंतरिम), पुढची कृती एचव्हीएसी सल्लागाराची, छताचा पर्याय ठरल्यावर पुन्हा मोजणे.

अशा सात-आठ ओळी आणि दोन पर्यायांची मॉडेल फाइल असती तर गुण मिळाला असता. नऊ इतिवृत्तांच्या चाळीस पानांत अशी एकही ओळ नव्हती.

दक्षिणेच्या बाजूबद्दल थोडक्यात, कारण तिथे टीमचे बरोबर होते. अक्षांश साधारण १९.९. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दक्षिण भिंतीवर उभा छायाकोन दिवसभर ७० अंशांच्या आसपास राहतो. ६०० मिमीचा छज्जा त्या दिवशी १.६५ मीटर सावली देतो, म्हणजे दीड मीटरची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य ४६.७ अंशांवर असतो, तेव्हा सावली जेमतेम ६४ सेंमी आणि ऊब आत येते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मध्यान्हीचा सूर्य इथे किंचित उत्तरेला असतो. उत्तरेच्या खिडक्यांना छज्जा न देणाऱ्यांना हे माहीत नसते.

छप्पर आणि काळी माती

एक्सपीएसचा निर्णय एसीच्या हिशोबातून आला खरा, पण तो पटला स्ट्रक्चरल इंजिनिअरला. गच्चीवर नेहमीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, सरासरी ११० मिमी धरला तर प्रति चौ.मी. २.२ किलोन्यूटन वजन. ५० मिमी एक्सपीएस आणि वर ५० मिमी काँक्रीटचा थर मिळून सुमारे १.२. फरक १ किलोन्यूटन, १,२०० चौ.मी.वर १,२०० किलोन्यूटन, म्हणजे १२० टन वजन खांबांवरून उतरले. माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला जाड छपराचा गारवा समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की तिथे तो मातीच्या जाडीतून येतो आणि तिचे वजन लाकडी तुळयांना सोसावे लागते.

इथे नेहमी बिघडते ते सौर पॅनेलच्या पायांपाशी. जलरोधक थर आणि एक्सपीएस झाल्यावर पॅनेलवाला येतो आणि स्लॅबमध्ये बोल्ट ठोकतो. पुढच्या जुलैत वरच्या मजल्यावर ओल दिसते आणि दोष एक्सपीएसला लागतो. पॅनेलचे काँक्रीटचे पाय स्लॅबसोबतच ओतायचे आणि जलरोधक थर त्यांच्या अंगावर निदान १५० मिमी चढवायचा. त्यासाठी सौर ठेकेदाराचे रेखाटन स्लॅबच्या आधी हातात हवे, आणि सौर ठेकेदार सहसा सगळ्यात शेवटी नेमला जातो.

जागेवर काळी माती २.५ मीटर, खाली मुरूम. पाया मुरमावर नेलेला. पाण्याच्या सल्लागाराने पावसाचे पाणी इमारतीच्या चारही कोपऱ्यांना शोषखड्ड्यांत सोडायचे ठरवले होते. नगरपालिकेच्या नमुना नकाशात असतात तसे, दीड मीटर खोल, विटांचे तुकडे आणि वाळू भरलेले. काळ्या मातीत या खड्ड्याचे डबके होते. माती फुगली की फटी मिटतात आणि पाणी आत जातच नाही. गेले तर वाईट, कारण भिंतीलगतची माती फुगून जोत्याची फरशी आणि आवाराची भिंत उचलते, आणि उन्हाळ्यात पुन्हा आकसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने खड्डे पायापासून दूर न्यायला सांगितले. शेवटी भूखंडाच्या उताराच्या टोकाला दोन पुनर्भरण विहिरी ठरल्या: काळी माती पार करून मुरमातून कुजलेल्या बेसाल्टपर्यंत नेलेले बोअर, वर गाळणी आणि तळात गाळ बसवायचा वेगळा कप्पा. गाळणी दर पावसाळ्याआधी काढून धुवावी लागते. ते काम कोणाचे हे देखभालीच्या यादीत न लिहिल्यास तिसऱ्या वर्षी बोअर गाळाने बंद होते.

पाण्याचा ताळेबंद, आणि ‘सगळे किंवा काहीच नाही’

बुडालेले दोन गुण भरून काढायला टीम पाण्याकडे वळली, आणि तिथे जास्त हाती लागले.

लीडचा मूळ हिशोब असा. ३०० माणसे, निम्म्या स्त्रिया. पुरुष दिवसातून एकदा शौचकूप आणि दोनदा युरिनल, स्त्रिया तीनदा शौचकूप, प्रत्येकी तीनदा बेसिन, दर वेळी अर्धा मिनिट. पायाभूत उपकरणे: फ्लश ६ लिटर, युरिनल ३.८, बेसिनचा नळ मिनिटाला १.९.

शौचकूप ६०० वेळा × ६ = ३,६०० लिटर. युरिनल ३०० × ३.८ = १,१४०. बेसिन ९०० × ०.५ × १.९ = ८५५. एकूण रोज ५,५९५ लिटर.

निवडलेली उपकरणे: दुहेरी फ्लश ४.५ आणि ३ लिटर, युरिनल १ लिटर, बेसिन मिनिटाला १.३. स्त्रियांचे एक पूर्ण आणि दोन अर्धे फ्लश म्हणजे १०.५ लिटर, १५० जणींचे १,५७५. पुरुषांचे ६७५. युरिनल ३००, बेसिन ५८५. एकूण ३,१३५. बचत ४४ टक्के. ४० टक्क्यांना ४ गुण, ४५ ला ५, ५० ला ६. टीम ४ घेऊन थांबली होती, एका टक्क्याने पाचवा सोडून.

बेसिनचे एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाच्या जाळ्या, मिनिटाला १.१ लिटरचे केले की ४९५ लिटर, एकूण ३,०४५ आणि बचत ४५.६ टक्के. पाचवा गुण आला. इथे एक सावधगिरी. हा प्रवाह ४१५ किलोपास्कल दाबाला मोजलेला असतो. गच्चीवरच्या टाकीखालच्या मजल्यावर चार मीटर पाण्याचा दाब म्हणजे जेमतेम ४० किलोपास्कल. त्या दाबाला १.१ चा एरेटर धार देत नाही, नुसता थेंबथेंब गळतो. महिन्याभरात कोणीतरी पान्ह्याने एरेटर काढून फेकतो आणि सगळी बचत ड्रेनेजमध्ये जाते. म्हणून वरच्या मजल्याला छोटा प्रेशर पंप द्यायचा ठरला, आणि त्याची वीज ऊर्जा-मॉडेलमध्ये धरली. फ्लश ३ लिटरच्या खाली नेण्याचा मोह टीमने टाळला तेही योग्य. लांब आडव्या पाइपमध्ये दोन लिटर पाणी मैला ओढून नेत नाही, आणि तुंबलेल्या चेंबरला मानांकनाचे कौतुक नसते.

सहावा गुण पावसात होता आणि तो आधीच नाकारला गेला होता. प्लंबिंग सल्लागाराने वर्षभराचा फ्लश पावसाच्या पाण्यावर भागवायचा हिशोब केला. फ्लश आणि युरिनल मिळून रोज २,५५० लिटर, महिन्याला २५ दिवस, कोरडे आठ महिने: ५,१०,००० लिटरची टाकी. म्हणजे १३ बाय १३ मीटर आणि ३ मीटर खोल, तीही काळ्या मातीत. मालकाने खर्च पाहून कागद बाजूला सारला आणि पावसाचा विषय तिथेच संपला.

वर्षभर भागवा असे लीड म्हणतच नाही. ५० टक्क्यांसाठी वापर २,७९७ लिटरवर यायला हवा. ३,०४५ मधून फक्त २४८ लिटर रोज, वर्षाच्या ३०० दिवसांत ७४,४०० लिटर. गच्चीवर पडणारे पाणी पाहा: १,२०० चौ.मी. × ०.७ मीटर × ०.८५ = वर्षाला ७,१४,००० लिटर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, साधारण १०० कामाच्या दिवसांत, फ्लशलाच २,५५,००० लिटर लागतात. तेव्हा फक्त पावसाळ्यात पावसाचे पाणी वापरायचे आणि उरलेले विहिरीत सोडायचे.

मग टाकी किती? आपल्याकडचा पाऊस खंड घेतो, तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. वीस कामाचे दिवस × २,५५० = ५१,००० लिटर. ६ × ४.२ × २ मीटरची टाकी ५०,४०० लिटरची, पार्किंगखाली, पायापासून दूर. गरजेच्या ७० टक्केच पाणी मिळाले असे धरले तरी १,७८,५०० लिटर, वर्षभराच्या सरासरीने रोज ५९५. वापर २,४५० वर येतो आणि बचत ५६ टक्क्यांवर जाते. सहावा गुण पक्का, टाकी दहापट लहान.

हे जमले कारण शाफ्ट, म्हणजे पाइप वर नेणाऱ्या उभ्या पोकळ्या, अजून कागदावर होते. पावसाच्या पाण्याला वेगळी उभी वाहिनी लागते, पिण्याच्या वाहिनीशी कुठेही जोड नको, आणि शाफ्ट १५० मिमी रुंद करावा लागला. स्लॅब पडल्यावर हेच काम कोअर-कटिंगने करायचे तर सळई कापली जाते आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करत नाही.

बेरीज ५९ वरून ६१.

इनोव्हेशनसाठी नेमके काय मागितले

लीडच्या या आवृत्तीत इनोव्हेशनचे जास्तीत जास्त ५ गुण, शिवाय टीममध्ये प्रकल्पाला साजेशा विशेष शाखेचा लीड एपी, म्हणजे लीडचा मान्यताप्राप्त व्यावसायिक, असेल तर १. पाचही हवे असतील तर किमान एक स्वतःची नवकल्पना, किमान एक पायलट क्रेडिट, म्हणजे लीडने चाचणीसाठी ठेवलेला गुण, आणि ठरल्या उंबरठ्याहून पुढे गेल्याचे, म्हणजे एक्झेम्प्लरी कामगिरीचे, दोनपेक्षा जास्त नकोत. नवकल्पनेच्या अर्जात चार गोष्टी लागतात: हेतू, पूर्ततेच्या अटी, पुरावे, आणि वापरलेली पद्धत. अट टीमनेच लिहायची असते, आणि तिथे बरेच अर्ज ढिले पडतात. ‘पाण्याची काळजीपूर्वक बचत केली जाईल’ ही अट होत नाही, कारण ती मोडता येत नाही.

कोणती कल्पना? पावसाचे पाणी, कमी पाण्याचे नळ, देशी झाडांची बाग, हे सगळे पद्धतीत आधीच आहे. चाळणी लावल्यावर एक गोष्ट वर राहिली: बांधकामाच्या काळातले पाणी. लीडच्या त्या आवृत्तीत त्याला गुण नाही. गंमत अशी की आयजीबीसीत बांधकामाच्या काळात सांडपाणी वापरण्याला ठरलेला १ गुण आहे. एका पद्धतीत जे नेहमीचे, ते दुसरीत नवे ठरू शकते. आणि ज्या प्रदेशाने एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले पाहिले, तिथे स्लॅबवर उघडे पाणी उभे करणे कोणालाही खटकायला हवे.

स्लॅब उन्हाळ्यात पडला असता तर? आळी बांधून ५० मिमी पाणी उभे केले आणि रोजचे बाष्पीभवन १० मिमी धरले तर १४ दिवसांत १९० मिमी, एका स्लॅबला २,२८,००० लिटर. दहा हजार लिटरचे जवळपास २३ टँकर, एका स्लॅबला. चौदा दिवस का, तर सिमेंट फ्लाय ॲशचे. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, मागतो, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान १०, आणि मिश्र सिमेंटला ते १४ पर्यंत वाढवण्याची शिफारस करतो. म्हणजे साहित्याच्या गुणासाठी निवडलेले हरित सिमेंट पाणी जास्त पिते. ही कात्री ठेकेदार टेबलावर नसेल तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

ठरले असे: तिन्ही स्लॅब नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पाणी उभे न करता दुहेरी गोणपाट भिजवून अंथरायचे, वर प्लास्टिकचा कागद, कडांना वाळूच्या गोण्या. खांबांना गोणपाट गुंडाळून वर छिद्र पाडलेली बाटली. पाणी शेजारच्या वसाहतीच्या सांडपाणी प्रकल्पातून प्रक्रिया केलेले, कारखान्याच्या रासायनिक सांडपाण्याचे नव्हे. दर पंधरवड्याला चाचणी: पीएच ६ च्या खाली नको, सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत, सल्फेट ४०० च्या आत. क्लोरीन दिल्याशिवाय ते पाणी मजुरांच्या हातात द्यायचे नाही.

अडचण पाण्याची नव्हती, नजरेची होती. “साहेब, पाणी उभं दिसलं तरच स्लॅब भिजला असं समजतात सगळे,” हे साइटवरच्या मिस्त्रीचे म्हणणे खरे होते. म्हणून स्लॅबवरच, गोणपाटाखाली ठेवून पिकवलेले, ताकद तपासायचे वेगळे काँक्रीटचे क्यूब घेतले. प्रयोगशाळेच्या टाकीत बुडवलेला क्यूब साइटच्या क्युरिंगबद्दल काही सांगत नाही.

परीक्षकाचा पहिला प्रश्न पायाभूत आकड्यावर येणार हे उघड होते. तुलना उन्हाळ्याच्या १० मिमीशी केली तर बचत फुगते, कारण स्लॅब थंडीत पडले. म्हणून पायाभूत हिशोब त्याच महिन्यांचा: बाष्पीभवन ५ मिमी, १४ दिवस, अधिक सुरुवातीचे ५०, म्हणजे १२० मिमी. एका स्लॅबला १,४४,००० लिटर, तिघांना ४,३२,०००. गोणपाटाच्या पद्धतीला सुरुवातीला ५ मिमी आणि रोज १ मिमी: एका स्लॅबला २२,८००, तिघांना ६८,४००. बचत ८४ टक्के. हंगाम बदलल्याची बचत वेगळ्या परिच्छेदात सांगितली, मागितली नाही. अटीचे वाक्य असे लिहिले: ‘तिन्ही स्लॅबच्या क्युरिंगचे मीटरने मोजलेले पाणी त्याच महिन्यांतील पाणी उभे करण्याच्या पद्धतीपेक्षा किमान ७० टक्के कमी असेल, आणि त्यात पिण्यायोग्य पाणी शून्य असेल.’ पुरावे: टँकरच्या तोंडावरच्या मीटरची रोजची नोंद, चाचणी अहवाल, क्यूबचे निकाल, तारखेसह फोटो.

दुसरा गुण हरित इमारतीच्या शिक्षणाचा. फलक, पुस्तिका आणि मार्गदर्शित भेटी या तिन्हींपैकी दोन लागतात. प्रशिक्षण केंद्रच असल्यामुळे फलक आणि आयटीआयच्या मुलांच्या भेटी सहज बसल्या. फलक मराठीत, आणि ‘पाणी वाचवा’ असे नव्हे तर ‘या नळाखाली मिनिटाला १.१ लिटर’ असे.

बांधकाम टप्प्याच्या कागदपत्रांत एक भोक निघाले. पहिला स्लॅब दिवाळीच्या तोंडावर पडला, मजूर गावी गेले, आणि चौदापैकी अकरा दिवस मीटरची वही कोरी. गोणपाट ओले होते असे वॉचमन सांगतो, फोटो चार दिवसांचेच. मागाहून एकाच शाईने अकरा आकडे भरायची सूचना साइट ऑफिसातून आली, ती टीमने फेटाळली. त्या अकरा दिवसांचे पाणी उघड्या पाण्याच्या दराने, ५ मिमीने धरले: ११ × ४ मिमी × १,२०० चौ.मी. = ५२,८०० लिटर जादा. एकूण १,२१,२०० लिटर, बचत ७२ टक्के. सत्तरच्या अटीपेक्षा दोन टक्के वर. अर्जासोबत ती कोरी पाने तशीच स्कॅन करून जोडली, आणि खाली एका ओळीत लिहिले की हे दिवस पायाभूत दराने मोजले आहेत.

एसीची निविदा मात्र सुधारली. ९२ टनांची.